पेनड्राइव्ह एक, ओळी दोन: लॅपटॉपचा बूट मोड आणि डिस्कची वाटणी

लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलं की पेनड्राइव्ह लावून आधी बूट मेनू उघडावा लागतो. त्या यादीत पुष्कळदा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एका ओळीत नुसतं त्याचं नाव, दुसऱ्या ओळीत तेच नाव, पण त्याच्या आधी ‘यूईएफआय’ असं लिहिलेलं. घाईत असलेला माणूस वरची ओळ निवडून एंटर दाबतो. पुढे इन्स्टॉलर एमबीआर की जीपीटी (डिस्कची वाटणी नोंदवण्याच्या दोन पद्धती) म्हणून जे काही विचारतो, किंवा ज्या डिस्कला सरळ नकार देतो, ते बहुतेक सगळं या एका एंटरनेच ठरलेलं असतं.

बूट मोड (लॅपटॉप जुन्या बायोसच्या रीतीने सुरू होतो की नव्या यूईएफआयच्या) आणि पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याची, पद्धत हे दोन वेगळे प्रश्न समजून लोक वेगवेगळी उत्तरं शोधत बसतात, म्हणून मी हे सुरुवातीलाच सांगतोय. आधी मोड ठरवायचा, वाटणीची पद्धत त्याच्या पाठोपाठ येते. असं का, हे कळायला डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये डोकावावं लागतं.

जुन्या पद्धतीत लॅपटॉप सुरू करण्याचं काम बायोसकडे असे. बायोसला डिस्कवरचं जवळपास काहीच कळत नाही. फाइल म्हणजे काय, पार्टिशन म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलतो आणि मेमरीत ठरलेल्या जागी नेऊन ठेवतो. त्यातले शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए (हे आणि पुढचे असे बाइट हेक्स, म्हणजे सोळाच्या मोजणीत लिहिलेले) आहेत ना, एवढं बहुतेक बायोस पाहतात. मग कारभार त्या सेक्टरमधल्या कोडच्या हाती सोपवून बायोस मोकळा होतो. पुढचं त्या कोडने बघायचं.

हा पहिला सेक्टर म्हणजेच मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर. तो आला १९८३ साली, आयबीएमच्या पीसी एक्सटी आणि पीसी डॉस २.० बरोबर. त्या मशीनची हार्ड डिस्क १० एमबीची होती. सगळा संसार ५१२ बाइटांत मांडायचा होता: सुरुवातीचे ४४६ बाइट कोडला, त्यापुढचे ६४ वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी बसल्या. एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशनं का करता येतात, याचं उत्तर एवढंच आहे. पाचवी नोंद लिहायला जागाच नाही. एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्याच्या पोटातली लॉजिकल पार्टिशनं ही पुढे काढलेली पळवाट.

या १६ बाइटांची एक नोंद उलगडून पाहण्यासारखी आहे. पहिला बाइट ८० असेल तर या पार्टिशनवरून बूट करायचं. पुढचे तीन बाइट सुरुवात कुठे ते सांगतात, पण सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा जुन्या हिशेबाने. मग एक बाइट प्रकारासाठी, आणि तीन बाइट शेवट कुठे त्यासाठी, पुन्हा त्याच जुन्या हिशेबाने. उरलेल्या आठांपैकी चार बाइट सुरुवातीच्या सेक्टरचा क्रमांक धरतात आणि चार बाइट एकूण सेक्टर किती ते. आज सगळी भिस्त या आठ बाइटांवर आहे, आणि अडचणही तिथेच आहे. चार बाइटांत म्हणजे ३२ बिटांत मावणारी सर्वात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तिला ५१२ने गुणा, उत्तर येतं सुमारे २.२ टीबी. ३ टीबीची डिस्क अशा पद्धतीने वाटली तर शेवटचे सुमारे ८०० जीबी असून नसल्यासारखे. सेक्टर क्रमांक मोजायला आकडेच उरत नाहीत.

१० एमबीच्या काळात हा तक्ता आखणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी डिस्कपेक्षा दोन लाख पटींहून मोठी सोय करून ठेवली होती. ती अखेर पुरली नाही, इतकंच.

नवी पद्धत आली ती मात्र डिस्क मोठी झाली म्हणून नव्हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटेल इटॅनियम हा नवा ६४ बिटी प्रोसेसर घडवत होती. बायोसची १६ बिटी, एक एमबी मेमरीच्या कुंपणात अडकलेली रीत त्या प्रोसेसरच्या गळ्यात बांधण्यात अर्थ नव्हता. म्हणून ईएफआय नावाचं नवं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, आखलं गेलं आणि त्याच्याबरोबर वाटणीची नवी पद्धतही आली, जीपीटी. २००५मध्ये अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमने हे काम हाती घेतलं आणि ईएफआयचं यूईएफआय झालं. इटॅनियम पुढे मागे पडला, फर्मवेअर मात्र घरोघरच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसलं.

यूईएफआय आणि बायोस यांच्यातला खरा फरक रंगीत पडदा आणि माउस चालणं हा नाही. यूईएफआयला डिस्क वाचता येते. पार्टिशनचा तक्ता त्याला कळतो आणि फॅट प्रकारची फाइल सिस्टीमही कळते. त्यामुळे पहिल्या सेक्टरमध्ये कोड कोंबण्याची गरजच संपली. डिस्कवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचं एक छोटं पार्टिशन असतं. विंडोज ते साधारण १०० एमबीचं करते, काही डिस्कवर २६० एमबीचं. त्यात नेहमीसारखे फोल्डर आणि नेहमीसारख्या फाइली असतात. प्रत्येक सिस्टीम आपला बूटलोडर, म्हणजे तिला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आपल्या फोल्डरमध्ये ठेवते आणि त्याचा पत्ता मदरबोर्डवरच्या चिपमध्ये नोंदवते. दोन सिस्टीम एका लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने नांदतात त्या यामुळे. जुन्या पद्धतीत पहिला सेक्टर एकच होता, जो शेवटी लिहील त्याचा. विंडोज पुन्हा टाकली की लिनक्सचा बूटलोडर गायब होई, तो याच कारणाने.

आता जीपीटी. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये इथेही एक एमबीआर ठेवलेला असतो, पण फक्त संरक्षणासाठी. त्यात एकच नोंद असते, प्रकार ईई, आणि ती जमेल तेवढी सगळी डिस्क व्यापते. जीपीटी न कळणारं एखादं जुनं साधन आलं तर त्याला डिस्क रिकामी न दिसता अनोळखी पार्टिशनने भरलेली दिसावी आणि त्याने ती पुसू नये, हा त्यामागचा विचार. मला ही योजना फार आवडते. नव्याने जुन्याच्या चुकीचीही आधीच काळजी घेतली आहे. दुसऱ्या सेक्टरपासून खरा मजकूर सुरू होतो: एक शीर्षक आणि मग सहसा १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइटांच्या. सेक्टर क्रमांकाला आता ६४ बिट आहेत, त्यामुळे डिस्कच्या आकाराची चिंता आपल्या हयातीत पुन्हा करावी लागणार नाही.

आकारापेक्षा मला जीपीटीचे दुसरे दोन गुण मोलाचे वाटतात. एक म्हणजे या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. दुसरं म्हणजे तक्त्यावर पडताळणीचा आकडा असतो, सीआरसी३२. तक्ता बिघडला तर तो बिघडल्याचं कळतं आणि शेवटच्या प्रतीवरून दुरुस्त करता येतो. एमबीआरमध्ये ते ६४ बाइट गेले की वाटणीच गेली. लहान एसएसडीची हुबेहूब नक्कल मोठ्या एसएसडीवर केली की कधीकधी साधनं तक्रार करतात, तीही या प्रतीमुळेच. जुन्या डिस्कच्या शेवटी असलेली प्रत नव्या डिस्कच्या मधोमध येऊन पडते. तिला शेवटी नेऊन ठेवलं की काम झालं, घाबरण्याचं कारण नाही.

बायोसबरोबर एमबीआर आणि यूईएफआयबरोबर जीपीटी, ही जोडी विंडोज काटेकोरपणे पाळते. तुम्ही यूईएफआय मोडमध्ये इन्स्टॉलर उघडलात आणि डिस्क एमबीआर असली तर ती सरळ नाही म्हणते. उलट बाजूनेही तेच. पण हा काही हार्डवेअरचा नियम नव्हे. पेनड्राइव्हवर बहुधा एमबीआर असतो आणि तो यूईएफआय मोडमध्ये खुशाल चालतो. लिनक्स जुन्या मोडमध्ये जीपीटी डिस्कवर टाकता येतं, फक्त बूटलोडरचा उरलेला कोड ठेवायला एक एमबीचं छोटंसं वेगळं पार्टिशन लागतं. जीपीटीत प्रत्येक पार्टिशनच्या प्रकाराला १६ बाइटांचा ओळखक्रमांक असतो. या छोट्या पार्टिशनच्या क्रमांकाचे बाइट अक्षरं म्हणून वाचले तर इंग्रजीत वाक्य उमटतं: ‘हा! आय डोन्ट नीड ईएफआय’.

हे वाक्य मला ठाऊक झालं ते एका फसलेल्या रात्रीनंतर. मावसभावाच्या लॅपटॉपवर विंडोज होती, यूईएफआय मोडमधली. शेजारी लिनक्स टाकायचं होतं. मी बूट मेनूतली वरची ओळ निवडली. इन्स्टॉलरने मध्येच ते एक एमबीचं पार्टिशन मागितलं, मी काही विचार न करता करून दिलं. सगळं नीट पार पडलं, पण दोन्ही सिस्टीम एकमेकींना ओळख देईनात. विंडोज हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन यूईएफआय, लिनक्स हवं असेल तर पुन्हा लेगसी, म्हणजे जुना बायोस मोड. तो मला म्हणाला, “दादा, रोज असंच करायचं का?” त्या पार्टिशनची मागणी हीच खरी सूचना होती, की आपण चुकीच्या मोडमध्ये आलो आहोत.

म्हणून निवड करताना माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉपमध्ये यूईएफआय असेल तर यूईएफआय आणि जीपीटी. डिस्क २५६ जीबीचीच का असेना, तरीही. २०२१मध्ये आलेली विंडोज ११ तर सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा बूटलोडर चालू देणारी सोय) करू शकणारं यूईएफआय फर्मवेअर मागतेच. एमबीआर ठेवायचा तो फक्त बायोसवरच चालणाऱ्या जुन्या मशीनसाठी, किंवा जीपीटी न वाचणाऱ्या एखाद्या जुन्या उपकरणाला लावायच्या डिस्कसाठी. ३२ बिटी विंडोज एक्सपी हे त्यातलं ओळखीचं उदाहरण.

सध्या आपण कुठे आहोत हे पाहणं सोपं आहे. विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडलं की ‘बायोस मोड’ या ओळीपुढे यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. डिस्क कोरी करायचीच असेल तर यूईएफआयची ओळ निवडून इन्स्टॉलर उघडा आणि त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं काढून टाका. उरलेल्या रिकाम्या जागेवर विंडोज स्वतःच जीपीटी आखते. डेटा ठेवून बदल करायचा असेल तर विंडोज १०च्या २०१७मधल्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन सोबतच मिळतं. त्याला डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं चालत नाहीत, लॉजिकल तर अजिबात नाहीत. आधी नुसती तपासणी करून घ्यावी, मग बदल. बदल झाल्यावर फर्मवेअरमध्ये जाऊन मोड यूईएफआय करायचा, नाहीतर विंडोज उघडणारच नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर या सगळ्याआधी तो थांबवा आणि त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. आणि बॅकअप घेतल्याशिवाय यातल्या कशालाच हात लावू नका.

मावसभावाच्या लॅपटॉपला एवढंही करावं लागलं नाही. पेनड्राइव्ह पुन्हा लावला, या वेळी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडली आणि लिनक्सचा बूटलोडर तेवढा नव्याने बसवला. मग ते १०० एमबीचं पार्टिशन उघडून त्याला दाखवलं. ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये एक मायक्रोसॉफ्टचा फोल्डर होता आणि त्याच्या शेजारी, काही मिनिटांपूर्वी तयार झालेला, लिनक्सचा.