लोकपाल की ग्राहक आयोग: बँकेनं कापलेले पैसे कुठे मागायचे?

अतिवृष्टीचं अनुदान किंवा सोयाबीनची पट्टी खात्यावर आली की पासबुक भरून घ्यायला शाखेत रांग लागते आणि तिथंच कळतं की आलेल्या रकमेतून मागचं काहीबाही वळतं झालंय. कुठं २३६ रुपये, कुठं २९५, कुठं ४३६. काउंटरवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "सिस्टीमनं कापलंय, काका. आमच्या हातात काही नाही."

हे आकडे आधी वाचायला शिकावं. २३६ म्हणजे २०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २९५ म्हणजे २५० अधिक जीएसटी. गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता खात्यात पैसे नसल्यानं परत गेला की बऱ्याचदा हीच नोंद दिसते. ४३६ हे मात्र शुल्क नव्हेच. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. त्यासाठी तुम्ही संमतीच्या फॉर्मवर सही केली होती का, एवढाच तिथं प्रश्न. केली नसेल तर तो फॉर्म दाखवा म्हणायचं. एवढ्यावर बरीच प्रकरणं शाखेतच मिटतात.

शाखेत मिटलं नाही की पारावरून दोन सल्ले एका दमात येतात: "लोकपालाकडं जा" आणि "ग्राहक मंचात खेच". जणू दोन्ही एकच. (मंचाचं नाव २०२० पासून आयोग झालं, पण बोलताना मंचच म्हणतात. आणि हा लोकपाल दिल्लीतल्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातला नव्हे, रिझर्व्ह बँकेचा.) छोट्या रकमेसाठी दोन्हीकडं फी लागत नाही, दोन्हीकडं वकील सक्तीचा नाही, दोन्हीकडं तक्रार ऑनलाइन करता येते. गोंधळ होतो तो यामुळंच. पण दोन्ही ठिकाणी विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. लोकपाल विचारतो, बँकेनं कोणता नियम मोडला? आयोग विचारतो, सेवेत काय त्रुटी होती आणि तुमचं काय नुकसान झालं? "दंड लई जास्त आहे हो" हे या दोन्ही प्रश्नांचं उत्तर होत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक अर्ज तेवढंच लिहून थांबतात.

इंग्लंडमध्ये हा धडा फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. तिथं छोट्या दाव्यांची न्यायालयं आहेत आणि २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी खात्यात पैसे नसताना लावलेले दंड त्या मार्गानं परत मागितले. कित्येक बँकांनी निकालाआधीच पैसे देऊन टाकले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ नोव्हेंबर २००९ ला निकाल लागला: हे दंड म्हणजे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग, म्हणून ते वाजवी की गैरवाजवी हे ग्राहक करारांतल्या अन्यायकारक अटींच्या नियमांखाली तपासता येणार नाही. किमतीवर भांडले ते तिथं अडकले.

आपल्याकडं लोकपालाची चौकट तशीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत (ती १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली) बँकेचा व्यावसायिक निर्णय हा तक्रारीचा विषय होऊ शकत नाही, आणि शुल्क किती ठेवावं हा बहुतांशी बँकेचाच निर्णय. पण शुल्क कसं लावावं यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. नेम तिथं धरायचा. किमान शिल्लक घ्या. १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना बचत खात्यावर हा दंड लावण्याआधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवावं लागतं आणि शिल्लक भरायला किमान एक महिना द्यावा लागतो. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. म्हणजे हजाराच्या जागी नऊशे असले तर शंभराच्या तुटीचा दंड, रिकाम्या खात्याइतका नव्हे. निव्वळ दंडामुळं खातं उणे जाता कामा नये. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला तर किमान शिल्लकच नाही, मग दंड कशाचा? व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालेल्या खात्यावरही हा दंड चालत नाही. एटीएममधून नोट आली नाही पण रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. अर्जात यातलं एक वाक्य आणि पासबुकातली तारखेसह नोंद शेजारी शेजारी ठेवली की लोकपालाच्या कार्यालयाला फारसं शोधायला उरत नाही.

पायऱ्या मात्र चुकवू नका. आधी बँकेकडं लेखी तक्रार. शाखेत दिली तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. "ठेवून जा, बघतो" यावर परत फिरायचं नाही. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं किंवा बँकेच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, की मग लोकपाल. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर भरा, नाहीतर चंडीगडच्या केंद्राला टपालानं पाठवा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी कलेक्टर, मग खासदार, मग पंतप्रधान कार्यालय अशा प्रती पाठवत बसलात तर महिने जातात आणि लोकपालाकडं तक्रार झालेलीच नसते. २०२१ च्या योजनेनं बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत ठेवली होती. त्याच योजनेत नुकसानभरपाई २० लाखांपर्यंत होती, आणि मनस्ताप व वेळेपोटी वेगळे एक लाखापर्यंत. हे वरचे आकडे झाले. २३६ रुपयांच्या तक्रारीत साधारण २३६ रुपयेच परत येतात, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी हा रस्ता पुरेसा आहे. तारीख नाही, हेलपाटा नाही.

आयोगाचा दरवाजा कधी ठोठवायचा? जेव्हा २३६ रुपये हे फक्त टोक असतं. बँकेनं चुकीचा दंड कापला, त्यामुळं खात्यात कमी पडलं, ट्रॅक्टरचा हप्ता परत गेला, त्यावर आणखी दंड, सिबिल खराब, आणि पुढच्या हंगामात पीककर्ज अडलं. ही साखळी कागदपत्रांनी, शपथपत्रांनी सिद्ध करावी लागते. लोकपालाची चौकशी झटपट आणि कागदावरची असते. जिथं खोलात जाऊन पुरावा आणि साक्ष तपासावी लागते, अशी प्रकरणं तो नाकारू शकतो. आयोग मात्र त्यासाठीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. पूर्वी विरोधी पक्षाचं कार्यालय किंवा जिथं वाद घडला ते ठिकाण बघावं लागायचं. आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पुण्यात नोकरी करून उदगीरला परतलेल्या माणसाला पुण्याच्या शाखेविरुद्ध लातूरला दाद मागता येते. मराठवाड्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि तिची चर्चा फार कमी होते.

एक कायदेशीर खाचखळगा इथं आहे. "कर्जाच्या करारातली ही अटच अन्यायकारक आहे" असं म्हणणं असेल, तर ते जिल्हा आयोगासमोर चालत नाही. अन्यायकारक करारांची तक्रार राज्य आयोगापासून वर. जिल्ह्यात मांडायचं ते सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून. तक्रार तीच, शब्द वेगळे, आणि ठिकाणही त्या शब्दांवरून ठरतं.

मोंढ्यातल्या आडत्यानं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धंद्याच्या कॅश-क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्यावरचं शुल्क असेल तर आयोगात बँकेचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार की हा "ग्राहक"च नाही, सेवा व्यापारासाठी घेतलेली आहे. स्वतःच्या उपजीविकेपुरता छोटा धंदा असेल तर अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. लोकपालाकडं हा अडथळा नाही.

खातं कुठल्या संस्थेत आहे तेही बघा. व्यापारी बँका आणि ग्रामीण बँक लोकपालाच्या कक्षेत आहेतच. पीककर्जासाठी गावोगाव जिच्याशी संबंध येतो ती जिल्हा मध्यवर्ती बँक मात्र बाहेर होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून तीही आत आली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या आजही बाहेर. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रणच नाही, दारावर 'बँकिंग' शब्द कितीही मोठा रंगवलेला असो. तिथं सहकार खातं किंवा ग्राहक आयोग. सहकारी संस्थेच्या सभासदालाही आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेलं आहे.

दोन्हीकडं एकाच वेळी अर्ज टाकून बघू, हा विचार सोडा. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. उलट क्रम चालतो: आधी लोकपाल, आणि त्याचा निवाडा तुम्ही स्वीकारला नाही तर पुढं आयोग. फक्त लोकपालाकडं गेलेले महिने आयोगाच्या त्या दोन वर्षांच्या मोजणीतून वगळले जातील असं धरून चालू नका. तारीख वहीत लिहून ठेवा. निवाडा तुमच्या बाजूनं लागला तरी तीस दिवसांत "मान्य आहे" असं लेखी कळवावं लागतं, नाहीतर तो रद्द होतो. आयोगाच्या निकालाविरुद्ध बँक पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी तिला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीची दरखास्त टाकायची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड कायद्यात लिहिलेला आहे.