भाकरीच्या घरात गव्हाचं गोडधोड: पार्श्वभूमी

दिवाळीच्या तोंडावर आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बेकरीच्या भट्टीसमोर डब्यांची रांग लागते. पीठ, पिठीसाखर आणि डालडा घरून न्यायचा, किलोवर मजुरी द्यायची आणि नानकटाई, बिस्किटं पिपा भरून आणायची. यातलं पीठ कित्येक घरांत रेशनच्या गव्हाचं असतं. त्यामुळे रेशनवर गहू द्यायचा, ज्वारी द्यायची की धान्याऐवजी पैसे द्यायचे, हा सध्याचा वाद नुसता पुरवठा खात्यापुरता नाही. चुलीवर, गॅसवर आणि भट्टीत काय शिजतं, काय भाजलं जातं, हे त्यावर ठरत आलेलं आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस, त्यामुळे खरिपात नि रब्बीतही ज्वारी. जोडीला तूर, हरभरा आणि तेलाला करडई. गहू थोडा, तोही सणापुरता. देवगिरीला १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी आली, तिच्या लष्करासोबत नान-कलिया (नान आणि मटणाचा रस्सा) आला असं औरंगाबादेत सांगतात. पण ती नानची भट्टी शहरापुरती राहिली. खेड्यातलं गोड म्हणजे गूळ. गूळ घालून कुस्करलेला मलिदा, गुळाच्या पाण्यात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या. लातूर-धाराशिवकडचं वेळा अमावस्येचं पान आजही हा जुना क्रम दाखवतं. शेतात खोपीत पूजा झाली की ताकातली आंबील, भाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि बाजरीची भाकरी वाढतात. गव्हाला जागा फक्त खिरीत. पोळी घरात व्हायची ती सणाला, नाहीतर जावई आला तर.

निजामाच्या काळात, विशेषतः १९४० च्या दशकात, धान्यावरची लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी वसुली, हा इथल्या शेतकऱ्याच्या रागाचा विषय होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, १९५६ मध्ये पुन्हा बदललं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पानावरची भाकरी मात्र तीच होती.

पहिला धक्का हायब्रीडने दिला. संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण १९६४ मध्ये आला आणि खरिपात झपाट्याने पसरला. उतारा दुपटीहून जास्त पडायचा, हे खरं. पण हा वाण लवकर पक्व व्हायचा आणि कणीस नेमकं परतीच्या पावसात सापडायचं. दाण्यावर बुरशी, ज्वारी काळी. तिची भाकरी निवली की कडक. ताट बुटकं, म्हणून कडबाही कमी. रब्बीच्या मालदांडी या ज्वारीच्या देशी वाणाचं तसं नाही: जमिनीतल्या ओलीवर वाढलेला टपोरा मोत्यासारखा दाणा, आणि भाकरी सकाळी केलेली संध्याकाळीही मऊ. हायब्रीडमुळे पोटं भरली, हे नाकारून चालणार नाही. पण ‘चांगली ज्वारी’ आणि ‘खायला भागवायची ज्वारी’ असे दोन भाग तेव्हापासून पडले. भाकरीवरचं मन थोडं उडालं ते तिथून, असं मला वाटतं.

मग १९७२. सलग वर्षं पाऊस रुसला होता, त्यातलं हे सगळ्यात वाईट. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसं होती आणि रेशनवर मिलो मिळायची. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी जनावरांना घालण्याच्या लायकीची असल्याचं त्या पिढीतली माणसं आजही सांगतात. भाकरी थापावी तर चिरायची, चव तुरट. घराघरांत तिच्या कण्या झाल्या, कढीत शिजल्या, गुळाच्या खड्याबरोबर पोरांना दिल्या गेल्या. कामावर सुकडी वाटली जायची: भाजलेलं पीठ, गूळ, तेल, शेंगदाणे. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांना त्या वर्षात रोज मिळालेलं गोड म्हणजे ही सुकडी. तयार, कोरडं, पाण्याशिवाय खाता येईल असं खाणं सरकारकडून मिळण्याची सवय इथूनच लागली. पुढे अंगणवाडीच्या पाकिटांनाही लोक सुकडीच म्हणत राहिले, आणि त्या पाकिटातल्या पिठाचे घरी लाडू झाले, शिरा झाला.

दुष्काळ ओसरला, पण रेशनचा गहू राहिला. १९७७ च्या रोजगार हमीच्या कायद्यानंतर गावातली कामं चालू राहिली, रोख मजुरी हातात आली. १९८० आणि ९० च्या दशकांत रेशनवर पामोलीन मिळू लागलं. डालड्याचा पत्र्याचा डबा घरोघरी आला आणि रिकामा झाला की फराळाचा डबा झाला. शंकरपाळे, करंज्या, चिवडा दिवाळीपुरते न राहता लग्नाच्या रुखवतात, बाळंतिणीच्या भेटीत, शाळेच्या डब्यात शिरले. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी बघता बघता मागे हटली; लातूर, हिंगोली, नांदेडकडे तर शिवारंच्या शिवारं बदलली. करडईही आटली आणि घाण्याच्या तेलाच्या जागी सोयाबीनचं पिशवीतलं तेल आलं. म्हणजे ज्वारी रेशनमध्ये फारशी नव्हती, आता ती स्वतःच्या शेतातही उरली नाही. भाताचंही तसंच. पूर्वी तो आजाऱ्याला आणि पंगतीला. शाळेत आधी तांदूळ वाटला गेला, मग खिचडी शिजू लागली, आणि घरी इडली-डोसा, उन्हाळ्यात तांदळाच्या पापड्या हे सगळं रेशनच्या तांदळाचं होऊ लागलं.

गहू घरात टिकला त्याला बायकांच्या कामाचंही कारण आहे, आणि ते लिहिणारे फार कमी. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांवर गेलं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग उकळतं पाणी ओतून उकड घेतली तरी भाकरी काठाला चिरते. म्हणून दर आठवड्याला गिरणीत जायचं, तिथेही ज्वारीवर ज्वारी येईपर्यंत पायली घेऊन बसायचं, कारण आधी गहू दळलेला असेल तर पिठात तो येतो. गव्हाचं पीठ महिनाभर बसतं. कणीक मळून ठेवता येते, पोळी डब्यात वाकते, तुटत नाही. रानात जाणाऱ्या, शिवाय पहाटे पाण्याच्या टँकरसाठी उभं राहणाऱ्या बाईला हा फरक किती मोठा, ते तिलाच विचारावं. गव्हाकडे वळणाऱ्या बाईला ‘परंपरा सोडली’ म्हणून दोष देणं मला मान्य नाही.

दोष असेल तर तो निर्णयाच्या पातळीवर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे तीन दर होते. कागदावर ज्वारी सगळ्यात स्वस्त. महाराष्ट्रात ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के लोकसंख्या या कायद्याखाली आली, माणशी महिन्याला ५ किलो. मराठवाड्यातल्या दुकानांत मात्र आला तो गहू आणि तांदूळ. त्याची कारणं दिली गेली, ती अगदीच खोटी नव्हती: ज्वारीची सरकारी खरेदी थोडी, साठवणीत ती लवकर किडते, खरेदी केली की ठरल्या महिन्यांत वाटून संपवावी लागते. पण गहू हजार-दीड हजार किलोमीटरवरून रेल्वेने आणता येतो आणि परभणीची ज्वारी परभणीतच वाटता येत नाही, हे पटण्यासारखं नाही. खरेदी नाही म्हणून वाटप नाही, वाटप नाही म्हणून खरेदी नाही. आणि खात्री नाही म्हणून शेतकरी सोयाबीन पेरतो.

२०१५ मध्ये राज्याने एक पाऊल पुढे टाकलं. आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या १४ जिल्ह्यांतल्या अन्नसुरक्षा कायद्याबाहेर राहिलेल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांनाही २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ सुरू झाला. या १४ मध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. धान्य पिकवणाऱ्यालाच रेशन कशाला, अशी टीका तेव्हा झाली. टीका करणाऱ्यांनी सलग दोन-तीन कोरड्या वर्षांनंतरची कणगी उघडून पाहिली नसावी. या निर्णयाने लहान शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा बाराही महिने गहू आला. पुरणपोळी होळीची वाट पाहीना. भट्टीवरच्या रांगा लांबल्या त्या याच वर्षांत. तेव्हाही या योजनेत ज्वारी बसवायची संधी होती. ती घेतली गेली नाही.

२०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळणं थांबलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याने धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँक खात्यात टाकायचं ठरवलं; पुढे ते १७० झाले. बाजूने बोलणारे म्हणतात की ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, हवी तर ज्वारी घ्यावी. हिशोब करून पाहा. १५० रुपयांत पाच किलो गहू घ्यायचा तर भाव ३० च्या वर जाऊन चालत नाही. मालदांडीचा किरकोळ भाव तर त्या वर्षी गव्हाच्याही बराच वर होता. शिवाय पैसे खात्यात येतात ते बहुधा घरच्या खर्चात, खताच्या उधारीत मिसळून जातात. धान्य पोत्यात दिसतं आणि त्यातून काय करायचं ते घरची बाई ठरवते. पैसा आला की ते ठरवणं तिच्या हातून सुटण्याची शक्यता वाढते. या निर्णयावरच्या चर्चेत हा मुद्दा फारसा आलाच नाही.

गंमत म्हणजे २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्याआधी २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आला होता. बचत गटांच्या बायकांनी ज्वारीची बिस्किटं, नाचणीचे लाडू प्रदर्शनांत मांडले, आणि ते चांगले खपले. घरोघरी गॅस पोचलेला होता, २०२० च्या टाळेबंदीत कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून केक भाजणं अनेकींनी शिकून घेतलं होतं. तेव्हा बिस्किटांचा चुरा वापरला, आता त्याच कुकरात ज्वारीच्या पिठाचा केकही होतो. गूळ घातला तर रंग आपोआप येतो.

पण भट्टीवाल्याला विचारलं तर तो ज्वारीचं नुसतं पीठ घ्यायला कां-कूं करतो. गव्हासारखा चिवटपणा त्यात नाही, बिस्किट ट्रेवरून उचलतानाच तुटतं, म्हणून निम्मं गव्हाचं पीठ मिसळा म्हणतो. कढईत ज्वारीचं पीठ आधी मंद भाजून घेतलं आणि तूप थोडं वाढवलं तर नानकटाई नुसत्या ज्वारीचीही चांगली, खुसखुशीत होते. खर्च मात्र वाढतो: ज्वारी बाजारभावाची आणि तूपही जास्त. रेशनच्या गव्हाची बिस्किटं जिथे मजुरी, साखर आणि डालड्याच्या पैशांत होतात, तिथे ही नानकटाई अजून तरी प्रदर्शनातल्या गिऱ्हाईकालाच परवडते.