काही नाही, सहज

आमच्या शब्दकोड्यांच्या ग्रुपवर 'कासव' नावाचा एक आयडी आहे. नऊ वर्षं झाली, आम्ही जवळजवळ रोज बोलतो, आणि मला त्याचं खरं नाव माहीत नाही. बाई आहे की बुवा, तेही माहीत नाही. मराठीत हे लपवणं किती अवघड आहे ते करून बघा. 'मी गेलो' की 'मी गेले' इथेच पितळ उघडं पडतं. कासव मात्र इतकी वर्षं 'जाऊन आल्याला तास झाला', 'वाचून झालं', 'कंटाळा आला' अशी वाक्यं वेचून वेचून वापरत आलंय. शेवटी आम्हीही त्याच्यासाठी सरळ नपुंसकलिंग धरलं. कासव आलं, कासव चिडलं.

पण त्या कासवाला मी ओळखते. ते पूर्णविराम देत नाही, दोन टिंबं देऊन थांबतं. उत्तर पटलं तर 'हं..', नाही पटलं तर नुसतं 'हं'. दुसऱ्या कुणी त्याच्या आयडीवरून लिहिलं तर दुसऱ्या ओळीला मी चोर पकडेन. रोज सकाळी सहाच्या सुमाराला ते येऊन विचारतं, 'आहे का कुणी..' कुणीतरी 'आहे' म्हणतं. 'काय विशेष..' 'काही नाही, सहज.' झालं. कोडं पडायला अजून चार तास असतात. या चार वाक्यांतून कुणालाही कसलीही माहिती मिळत नाही.

अशाच माहितीशून्य बोलण्याबद्दल ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात लिहून ठेवलंय. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर तो बराच काळ राहिला होता. तिथे त्याच्या लक्षात आलं की माणसं जे बोलतात त्यातलं पुष्कळसं काही सांगण्यासाठी नसतंच. तब्येतीची चौकशी, हवेबद्दल शेरा, सगळ्यांना दिसतंय तेच पुन्हा म्हणणं. याला त्याने 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. शब्दांचा अर्थ इथे दुय्यम, बोलणं झालं यातच सगळं आलं. युरोपातल्या दिवाणखान्यातही हेच चालतं, असंही त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे सूत्र आणखी मागे, माकडांपर्यंत नेलं. माकडं तासन्‌तास एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवत उवा वेचत बसतात. काही जातींत जागेपणीचा २० टक्क्यांपर्यंत वेळ यातच जातो. नुसत्या स्वच्छतेसाठी एवढा वेळ लागत नाही. त्या स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन स्रवतं, बरं वाटतं आणि आपलं कोण हे पक्कं होत जातं. डनबारचा तर्क असा, की आपल्या पूर्वजांच्या टोळ्या मोठ्या झाल्या, प्रत्येकाच्या उवा वेचायला दिवस पुरेना, तेव्हा ते काम गप्पांनी अंगावर घेतलं. बोलताना हात मोकळे राहतात आणि एका वेळी तिघाचौघांशी बोलता येतं. हा तर्कच आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या गप्पांचा पुरावा कुठून आणणार? पण सकाळी सहाचं 'आहे का कुणी..' मला तरी उवा वेचण्यासारखंच दिसतं.

मैत्रीला वेळ लागतो हे सांगायला शास्त्रज्ञ नको. किती लागतो, हे मात्र जेफ्री हॉल या कॅन्ससच्या संशोधकाने मोजायचा प्रयत्न केला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी, यांच्या नव्या ओळखींचा त्याने हिशेब मांडला. २०१८ साली आलेल्या या अभ्यासात नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागले, मित्र म्हणण्याइतपत जवळीक यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. कामाच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने शेजारी बसून काढलेले तास यात फारसे उपयोगी पडत नव्हते. खरा उपयोग होता तो विचारपूस, थट्टामस्करी आणि मनातलं बोलणं यांचा. हे तास प्रत्यक्ष भेटींचे, तरी मी आपला कासवाचा हिशेब करून पाहिला. रोजची दहा मिनिटं म्हणजे वर्षाला ६० तास. २०० गाठायला सव्वातीन वर्षं. आम्ही ते कधीच पार केलेत, फक्त कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता हे तास जमतात कसे? त्याचं उत्तर एका जिन्यात आहे. अमेरिकेत एमआयटीच्या वसाहतीत राहणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि दोघा सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. घरं नेमून दिलेली होती, शेजारी निवडायची मुभा नव्हती. तरीही लगतच्या दारातल्या ४१ टक्के लोकांची एकमेकांशी दाट मैत्री होती. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. अंतर किती, तर चार दारांचं! आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशी ओळख जास्त, कारण वरचे येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. आवडीनिवडी, स्वभाव, विचार जुळणं हे सगळं नंतर. आधी माणूस पुन्हा पुन्हा दिसायला लागतो.

ऑनलाइन समूहात भिंती नसतात, पण जिना असतो. रोज दहाला पडणारं कोडं हा आमचा जिना. कुणाचा सकाळच्या धावण्याचा हिशेब असेल, कुणाचं विणकाम, कुणाचा गेम. विषय हे निमित्त. समूह रिकामा होतो तो बहुतेकदा हे निमित्त तुटतं म्हणून, भांडणांमुळे त्या मानाने कमी, असं माझं मत आहे. भांडणारे तर उलट दुप्पट पडीक असतात.

आणि नव्याने आलेल्याचं काय? आमच्याकडे साठ जण आहेत, लिहितात बारा. बाकीचे रोमात, म्हणजे वाचनमात्र. त्यांतला एखादा कधीतरी घसा खाकरून पहिली ओळ टाकतो. एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट यांनी अशा पहिल्या ओळींचा अभ्यास केला होता, २००६ साली. ज्याला कुणीतरी उत्तर दिलं, तो पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढली. इथवर ठीक. गंमत पुढे आहे. ते उत्तर गोड होतं की तिरकस, प्रश्न सुटला की नाही, याने फरक पडला नाही. उत्तर आलं, एवढंच पुरलं. पुन्हा तेच, 'आहे का कुणी', 'आहे'.

हे सगळं इंटरनेटबरोबर आलं असं वाटत असेल तर तसं नाही. एकोणिसाव्या शतकातले तारयंत्रावरचे ऑपरेटर शेकडो मैलांवरच्या सहकाऱ्याला त्याच्या कडकट्टच्या लयीवरून ओळखायचे. या लयीला ते 'मूठ' म्हणत. काम नसेल तेव्हा तारेवर गप्पा, थट्टा, क्वचित लग्नंही. कासवाची दोन टिंबं ही त्याची मूठच. पुढे १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकावर टॉकोमॅटिक नावाची गप्पांची सोय आली. त्यात लिहिलेलं अक्षर न्‌ अक्षर समोरच्याला लगेच दिसे, खोडलेलंही. 'टाइप करत आहे' ही तीन टिंबं बघत ताटकळणाऱ्या आपल्याला ते उघडं-वाघडं वाटेल. आणि १९७८ साली शिकागोत मोठं हिमवादळ होऊन माणसं घरात अडकली, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्यूस यांनी घरच्या संगणकावरून फोनने गाठता येणारा पहिला सार्वजनिक सूचनाफलक उभारला. फोनची लाइन एकच. एका वेळी एकानेच आत यायचं, वाचायचं, लिहायचं, निघायचं. म्हणजे दोघं तिथे एकत्र कधीच नसायची, तरी संवाद चालायचा.

लिहिलेल्या शब्दांचा घोळ मात्र तेव्हापासूनचाच. कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद कुणीतरी अशा फलकावर टाकला, तो काहींना खरा इशारा वाटला. त्या गोंधळानंतर १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदाला खूण म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असा आडवा पडलेला हसरा चेहरा जोडावा. आजच्या इमोजींचा हा पूर्वज. त्याची गरज किती होती ते २००५ च्या एका प्रयोगातून दिसलं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्यं उपरोधाने आणि काही मनापासून पाठवायला सांगितली. आपला सूर ७८ टक्के वेळा ओळखला जाईल अशी पाठवणाऱ्यांना खात्री होती. बोलून सांगितलं तेव्हा तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलवर ५६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के जमतंच की! लिहिताना आपल्या कानात आपला आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. आमच्या ग्रुपवर 'वा, काय डोकं आहे' या चार शब्दांवरून दोन माणसं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हती. लिहिणाऱ्याला खरंच कौतुक वाटलं होतं.

गंमत म्हणजे याच उणिवेचा मैत्रीला फायदाही होतो. जोसेफ वॉल्थर या संवाद-अभ्यासकाने १९९६ साली मांडलं की लिहून बोलताना जवळीक कधी कधी समोरासमोरच्यापेक्षाही जास्त होते. लिहिणारा विचार करून, खोडून, आपली बरी बाजू पुढे करतो. वाचणारा मधल्या रिकाम्या जागा आपल्या मनातल्या चांगल्या गोष्टींनी भरतो. कासव माझ्या डोक्यात उंच आहे, चष्मा लावतं आणि हळू हसतं. यातलं एकही त्याने मला सांगितलेलं नाही.

शरीर मात्र इतकं सहज फसत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलींना परक्यांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला, मग आईशी बोलू दिलं. काहींना प्रत्यक्ष, काहींना फोनवर, काहींना फक्त मेसेजवर. प्रत्यक्ष भेटीत आणि फोनवर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं, ऑक्सिटोसिन हे जवळिकीचं संप्रेरक वाढलं. मेसेजवर बोललेल्या मुलींची संप्रेरकं आईशी अजिबात न बोललेल्या मुलींसारखीच राहिली. अभ्यास २०१२ चा, लहान, आणि आई-मुलींपुरताच. तरी मला तो पटतो. आईचे शब्द तेच असले तरी आवाजात अधिक काहीतरी असतं.

तर मग मेसेजवरची मैत्री फोल? मोइरा बर्क आणि क्राउट यांच्या २०१६ च्या अभ्यासात जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेल्या शब्दांनी मन सुधारलेलं दिसलं. एका क्लिकच्या लाइकने मात्र नाही. अंगठा उवा वेचत नाही, एवढाच अर्थ मी काढला. संख्येनेही काही होत नाही. त्याच वर्षी डनबारने फेसबुक वापरणाऱ्यांना विचारलं, तर यादी कितीही लांब असो, अडचणीला धावून येतील अशी माणसं सरासरी चारच निघाली. माणसाला साधारण १५० च नाती सांभाळता येतात, या त्याच्या प्रसिद्ध आकड्यावर बरेच आक्षेप आहेत, पण या चारांबद्दल कुणी फारसं भांडत नाही.

त्या चारांतला एखादा पडद्यापलीकडचा असू शकतो का, याचं उत्तर नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनच्या आईवडिलांना उशिरा मिळालं. मॅट्सला ड्युशेन हा स्नायू झिजवत नेणारा आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसाचे कित्येक तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम खेळायचा. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. पोराला मित्र मिळाले नाहीत, प्रेम मिळालं नाही, हेच आईवडिलांचं दुःख होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, खाली ईमेलचा पत्ता दिला. आणि देशोदेशीहून पत्रं यायला लागली. अंत्यविधीला गेममधली पाच माणसं येऊन उभी राहिली. नेदरलँड्समधल्या एका मैत्रिणीचा कॉम्प्युटर तिच्या घरच्यांनी काढून घेतला होता, तेव्हा मॅट्सने तिच्या आईवडिलांना समजावणारं पत्र लिहिलं होतं. शेजारच्या खोलीतल्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात कासव यायचं थांबलं. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुणीतरी 'आहे का कुणी' लिहिलं, पण एकाच टिंबासकट, आणि ते फारच विचित्र दिसलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की विचारायचं कुणाला? फोन नंबर नाही, गाव माहीत नाही, ओळखीचं कुणी नाही. प्रत्यक्षातल्या मित्राच्या दारावर थाप तरी मारता येते. अ‍ॅडमिनने जुना ईमेल शोधून पत्र पाठवलं. उत्तर नाही. आम्ही रोज कोडं सोडवत होतो, चुकत होतो, आणि 'हं' म्हणायला कुणी नव्हतं.

बाराव्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी दिसलं, 'आहे का कुणी..' त्या वेळी एरवी दोघंतिघं जागे असतात. सात जणांनी 'आहे' लिहिलं, रोमातल्या दोघांसह.

'काय विशेष' मी विचारलं.

तीन टिंबं बराच वेळ हलत राहिली, थांबली, पुन्हा हलली.

'काही नाही.. जिन्यावरून पडले.. पाय मोडला..'

'पडले.' नऊ वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी वाचलं असणार, कोड्यातली माणसं आहोत, काना-मात्रा सुटत नाही आमच्याकडून. पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. एकाने पाय कोणता ते विचारलं, दुसऱ्याने प्लास्टर कधी निघणार ते.

'डावा.. दीड महिना.. आणि शनिवारचं १४ आडवं तुम्ही सगळ्यांनी चुकवलंय..'