रिकाम्या बाटलीची अनामत

मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं, तेव्हा केंद्रावर रिकाम्या हाताने जाऊन भागत नसे. कालच्या बाटल्या विसळून पिशवीत घालायच्या, त्या द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या. वर पातळ ॲल्युमिनियमचं बूच असे. 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे वसाहत उभी करणाऱ्या दारा खुरोडींनी शहरातल्या गोठ्यांतली जनावरं बाहेर नेली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. बाटलीच्या या येरझाऱ्यांबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. त्या चालायच्या गिऱ्हाइकाच्या जोरावर. घरात बाटली फुटली की घरच्यांना हळहळ वाटे, कारण ती त्यांच्याकडे अनामत होती.

आज ज्याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणणं, तिची चर्चा बहुतेक वेळा कारखान्यापासून सुरू होते. मला ती अनामतीपासून सांगावीशी वाटते, कारण ग्राहकाच्या हातात खरी सत्ता होती ती तिथे. सोड्याच्या बाटलीवर दुकानदार पैसे धरून ठेवायचा, बाटली दिली की परत करायचा. मग प्लास्टिकची पिशवी आणि पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची बाटली आली. हलकी, न फुटणारी, आणि धुण्याची कटकट नाही. बाटल्या गोळा करायचा, वाहून न्यायचा आणि धुवायचा कंपन्यांचा खर्च वाचला. तो जाऊन पडला पालिकेच्या कचरागाडीवर आणि कचरा वेचणाऱ्या बायांच्या पाठीवर. 1993 मध्ये पुण्यात या कष्टकऱ्यांची संघटना झाली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात प्लास्टिक नाही. आज त्यांच्या पोत्यात काय भरलेलं असतं ते पाहिलं, की मधल्या वर्षांत काय घडलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

परदेशातही बाटल्या अशाच एकेरी झाल्या, पण काही ठिकाणी लोकांनी अनामत कायद्याने परत आणली. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने 1971 मध्ये कायदा केला: शीतपेयाच्या आणि बिअरच्या बाटली-डब्यावर 5 सेंट. पुढे त्यात एक नेमकी तरतूद आली. परत येणाऱ्या डब्या-बाटल्यांचं प्रमाण सलग दोन वर्षं 80 टक्क्यांच्या खाली राहिलं, तर अनामत दुप्पट. आणि 2017 च्या एप्रिलपासून ती खरोखरच 10 सेंट झाली.

जर्मनीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1991 च्या तिथल्या नियमात लिहिलं होतं की पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांचा वाटा 72 टक्क्यांखाली गेला, तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवरही अनामत लागेल. म्हणजे लोक दुकानातून काय उचलतात, त्यावर उद्योगाचं पुढचं बंधन ठरणार होतं. वाटा घसरला, आणि 1 जानेवारी 2003 पासून अनामत लागली. आज ती 25 सेंट आहे. रिकामे डबे आणि बाटल्या जवळजवळ सगळ्या परत येऊ लागल्या. मात्र पुन्हा भरायच्या बाटल्यांची घसरण तेवढ्याने थांबली नाही. परत आलेली प्लास्टिकची बाटली बहुतेकदा चुरडली जाते. आरेची बाटली धुऊन पुन्हा भरली जायची. या दोन परतींमध्ये मोठा फरक आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत तो हटकून निसटतो.

भारतात अलीकडचं ठळक उदाहरण तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याचं. तिथल्या जंगलात फुटक्या काचांनी जनावरांचे पाय कापत होते. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि 2022 च्या मेपासून सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे 10 रुपये जास्त घेऊन रिकामी परत दिल्यावर ते परत द्यायला सुरुवात झाली. योजना चालली, म्हणून ती इतर जिल्ह्यांतही नेली गेली. गोव्यानेही 2024 मध्ये स्वतःची ठेव-परतावा योजना अधिसूचित केली.

महाराष्ट्राने खरं तर आधीच पाऊल टाकलं होतं. 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायला सांगितलं होतं, किमान 50 पैसे. कल्पना आरेच्या बाटलीचीच. पण रिकामी पिशवी घेऊन ग्राहकाच्या हातावर 50 पैसे ठेवणारा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही. गोळा करणारी साखळी उभी राहिल्याशिवाय छापलेल्या आकड्याला कोण विचारणार?

तरीही दुधाची पिशवी वाया जात नाही, कारण तिचं प्लास्टिक चांगलं असतं आणि भंगारवाला ते वजनावर घेतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट तो घेत नाही. त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. आमच्याकडे पिशवी धुऊन कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावतात. कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की कुणाच्याच हाती लागत नाही.