डगआऊट की सॉड हाऊस? नेब्रास्काच्या माळावरची दोन मातीची घरं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जुने फोटो पाहताना एक घोळ हमखास होतो. सॉलोमन बुचर यांनी 1886 पासून तिथल्या वसाहतकऱ्यांना त्यांच्या घरांसमोर उभं करून फोटो काढले. त्यात दिसणाऱ्या प्रत्येक मातीच्या घराला सरसकट ‘सॉड हाऊस’ म्हटलं जातं. खरं तर त्यातली बरीचशी घरं डगआऊट आहेत किंवा अर्धी डगआऊट आहेत. हा फरक लक्षात घेतला नाही तर त्या कुटुंबाची परिस्थिती आणि जमीन, दोन्हींबद्दल चुकीचा अंदाज बांधला जातो.

डगआऊट टेकाडाच्या किंवा ओढ्याच्या उतारात कोरलेलं असतं. त्याच्या तीन भिंती म्हणजे जागेवरचीच माती. बांधायची ती फक्त पुढची. सॉड हाऊस सपाटीवर उभं राहतं आणि त्याच्या चारही भिंती रचलेल्या असतात, गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या विटांनी. ही मुळांसकट माती म्हणजेच ‘सॉड’.

दोन्हींचं कारण एकच, लाकडाचा दुष्काळ. झाडं होती ती नद्यांच्या काठानं आणि काही घळींमध्ये. ब्रोकन बो गावाला रेल्वे आली तीच 1886 मध्ये. त्याआधी फळ्या लांबून बैलगाडीनं आणाव्या लागत. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं वसाहतकऱ्याला 160 एकर सरकारी जमीन मिळे, पण त्यासाठी पाच वर्षं तिथं राहून जमीन कसावी लागे. म्हणजे निवारा लगेच हवा, आणि तोही जवळजवळ फुकट.

फुकटच्या सगळ्यात जवळ जाई ते डगआऊट. शेजारच्या व्हॅली काउंटीत नॉर्थ लूपला बांधलेल्या एका डगआऊटचा हिशोब उपलब्ध आहे: खिडकी सव्वा डॉलर, दाराच्या फळ्या 54 सेंट, कडी-बिजागरी 50 सेंट, छतातून वर काढायची नळी 30 सेंट, खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण 2 डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. तोंड शक्यतो दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवत, म्हणजे ऊन आत येई आणि वायव्येचा हिवाळी वारा पाठीवर जाई. मोडायचं ते पाण्यानं. उतारावरून येणारं पाणी थेट छतावर आणि मागच्या भिंतीत मुरतं, म्हणून घराच्या वरच्या अंगाला चर खणावा लागे. ओढ्याच्या फार जवळ कोरलेलं घर एका पुरात भरून जाई. माती वाळूसर असेल तर बाजूच ढासळत. शिवाय छत टेकाडाच्या पातळीला असल्यानं चरणारं जनावर त्यावर येई आणि कधी त्याचा पाय छतातून आत उतरे.

सॉड हाऊसला मेहनत कितीतरी जास्त. नेहमीच्या नांगरानं माती फुटते, म्हणून एका खास नांगरानं साधारण फूटभर रुंद आणि चार इंच जाड अखंड पट्टा सोलून काढत आणि कुदळीनं त्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे पाडत. एका विटेचं वजन 50 पौंडांच्या आसपास. जमीन ओलसर असतानाच हे जमे, आणि दिवसभरात लागतील तेवढ्याच विटा कापत, कारण वाळलेली वीट भुगा होते. विटा गवताची बाजू खाली करून रचत, दोन ओळी शेजारी-शेजारी, सांधमोड साधून, म्हणजे वरच्या-खालच्या थरांचे सांधे एकावर एक येऊ न देता. दर तिसरा-चौथा थर आडवा, म्हणजे दोन्ही ओळी एकमेकींना धरून ठेवत. 16 बाय 20 फुटांच्या, आठ फूट उंच आणि दोन फूट जाड भिंतींच्या घराला अशा हजारभर विटा लागतात. ओझं 50 हजार पौंडांच्या घरात.

एवढं वजन खाली बसणारच. म्हणून खिडकीच्या चौकटीवर काही इंच मोकळे सोडून त्यात चिंध्या किंवा गवत कोंबत. ही जागा न सोडल्यास भिंत बसताना काच फुटे. छत मात्र सॉड हाऊसचंही दुबळंच: आढं, वासे, त्यावर काटक्या, गवत आणि पुन्हा सॉड. धाब्याच्या घरात पावसाळा काढलेल्यांना हे सांगायला नको. पाऊस थांबल्यावरही छत गळत राही, आणि भिजून जड झालेल्या छतानं आढं मोडलं तर सगळं खाली येई. आतून लावलेलं मलमलीचं कापड गळती थांबवत नसे. ते माती आणि किडे तेवढे अडवी.

फोटो ओळखताना आधी घराची मागची बाजू पाहा. छताची रेषा मागे टेकाडात विरून जात असेल तर ते डगआऊट. बाजूच्या भिंतीत खिडकी आणि जमिनीपासून वरपर्यंत विटांचे थर दिसत असतील तर सॉड हाऊस. कस्टर काउंटीतल्या सार्जंट गावाच्या उत्तरेचा रॉडिंग कुटुंबाचा 1886 चा प्रसिद्ध फोटो मधल्या प्रकाराचा आहे. पुढून सॉडची भिंत दिसते, पण घर टेकाडात घुसलेलं आहे, म्हणून गाय छपरावर उभी असल्यासारखी वाटते. अशा वेळी ‘अर्धं डगआऊट’ म्हणणंच प्रामाणिक.

‘डगआऊट म्हणजे गरिबाचं, सॉड म्हणजे बऱ्या परिस्थितीचं’ हे मात्र अर्धंच खरं आहे. ज्याच्या 160 एकरांत उतारच नव्हता, त्याला पहिल्या दिवसापासून सॉडच रचावं लागलं. उलट उतार असलेल्यांनी आधी डगआऊट कोरलं, मग सॉड हाऊस बांधून जुनं घर जनावरांना किंवा बटाटे साठवायला वापरलं. त्यामुळे एकाच जमिनीवर दोन्हींच्या खुणा सापडतात. डगआऊटची राहते उतारातली खोलगट जागा, आणि सॉडचा राहतो सपाटीवरचा बुटका उंचवटा, जो नांगरटीत लवकर पुसला जातो. जमिनीवर काही उरलं नसेल तर होमस्टेडच्या अंतिम पुराव्याचे, म्हणजे जमीन नावावर होताना दिलेल्या जबान्यांचे, कागद काढावेत. घर कसलं होतं आणि किती फुटांचं, हे मालकानं आणि साक्षीदारांनी तिथं सांगितलेलं असतं.

पूर्ण बांधलेलं सॉड हाऊस प्रत्यक्ष पाहायचं तर कस्टर काउंटीतल्याच कॉमस्टॉक गावाजवळचं डाउस कुटुंबाचं घर आहे. ते 1900 मध्ये बांधलं आणि 1959 पर्यंत त्यात माणसं राहत होती.