पुरातत्ववाले घराचे कवेलूही बदलू देत नाईत म्हणे!

आमच्याकडं पारावर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं, जुन्या देवळाजवळ घर असलं की संपलं, नागपूरची हेरिटेज कमिटी येते अन घर सरकारजमा होते. बाप्पा, तसं काई नाई.

पहिले तर नागपूरच्या कमिटीचा गावाशी संबंधच नाई, ती नागपूर शहराच्या यादीतल्या वास्तू पाहते अन तीही सल्ला देते, बांधकामाची परवानगी काही तिच्या सहीनं निघत नाई.

आता गडचिरोलीतलं मार्कंडा किंवा लोणारचं दैत्यसूदन हे देऊळ घ्या, ही केंद्राची संरक्षित स्मारकं, इथं जुन्या स्मारकांच्या रक्षणाचा 1958 चा कायदा लागतो अन 2010 मध्ये तो कडक झाला. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर नवं बांधकाम बंद, हे खरंच हाये. पण त्यात 16 जून 1992 च्या आधीपासून घर असलं तर दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडं अर्ज करता येते. पुढच्या 200 मीटरमध्ये तर नवं घरही परवानगी घेऊन बांधता येते. लोक काय करतात, 100 अन 200 ची बेरीज करून 300 मीटर सगळंच बंद समजतात, गडबड इथंच होते. हा अधिकारी अर्ज आधी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं पाठवते, त्यांची शिफारस आली की मग अधिकारी निर्णय देते, म्हणून वेळ लागते, ते मान्य. पण घर तुमचंच राहते.

अन गावातलं प्रत्येक जुनं हेमाडपंती देऊळ संरक्षित असते असंही नाई, संरक्षित म्हणून सरकारी नोटिफिकेशन निघालेलं असलं तरच. काही देवळं राज्याच्या यादीत असतात, त्यांचा कायदा वेगळा, 1960 चा.