गॉब्लिन शार्क

खोल समुद्रात राहणारा, क्वचितच दिसणारा शार्क. शास्त्रीय नाव मित्सुकुरिना ओस्टोनी. योकोहामाजवळ मिळालेल्या अवघ्या १०७ सेंटिमीटर लांबीच्या नरावरून अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १८९८ मध्ये त्याचे वर्णन केले. नमुना मिळवणारे ॲलन ओस्टन आणि जपानी प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी या दोघांची आठवण नावात आहे. जपानीत त्याला तेंगुझामे म्हणतात. तेंगू हा तिथल्या लोककथांमधला लांब नाकाचा जीव. सुमारे १२.५ कोटी वर्षे जुन्या कुळातली ही एकच जात आज उरली आहे.

जबडा बाहेर लोंबणारे याचे भेसूर चित्र सर्वत्र दिसते, पण ते बहुधा मेलेल्या माशाचे असते आणि त्यामुळे या प्राण्यावर अन्याय होतो. जिवंतपणी जबडा तोंडात नीट बसलेला असतो. रंगही असाच फसवा. कातडी अर्धपारदर्शक असल्याने खालच्या रक्तवाहिन्या दिसतात आणि अंग गुलाबी भासते. मेल्यावर ते मळकट करडे पडते.

अंग थुलथुलीत, स्नायू ढिले, यकृत मोठे व तेलकट. त्यामुळे तो फारसे न हलता पाण्यात तरंगत राहू शकतो, पण भक्ष्याचा पाठलाग करणे त्याला जमत नाही. ही उणीव जबडा भरून काढतो. पात्यासारख्या चपट्या, लांब नाकाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. समोरच्या जिवाच्या अंगातली सूक्ष्म वीज त्यांतून कळते. अंतर पुरेसे कमी झाले की गलोलीतून खडा सुटावा तसा जबडा पुढे झेपावतो. २००८ आणि २०११ मध्ये जपानमध्ये समुद्रात झालेल्या चित्रीकरणाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जबड्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटरपर्यंत भरला आणि झेप शरीराच्या लांबीच्या सुमारे ९ टक्के निघाली. शार्कांमध्ये नोंदलेल्या जबड्याच्या झेपांत ही सर्वांत वेगवान ठरली. पुढचे दात सुईसारखे, निसटत्या माशाला अडकवणारे. मागचे छोटे, चिरडण्याजोगे. खाद्य म्हणजे खोल पाण्यातले मासे, माकूळ, कवचधारी प्राणी.

प्रौढ शार्क बहुतेक २७० ते ९६० मीटर खोलीवर आढळतात. अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्ही महासागरांत तो सापडला आहे. जास्त नमुने मात्र जपानच्या सागामी आणि सुरुगा उपसागरांतले. प्रजननाविषयीची माहिती तुटपुंजी आहे. त्यामुळेच २०२३ मध्ये तैवानजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात आलेली ४.७ मीटर लांब, सुमारे ८०० किलो वजनाची मादी मोलाची: तिच्या पोटात सहा पिल्ले होती.